ओढ्याच्या मधोमध आंबील

आमच्या गावातली काही माणसं मला अजूनही फुटीर म्हणतात. पारावरून जाताना मुद्दाम ऐकू येईल अशा आवाजात म्हणतात. पूर्वी मी मान खाली घालून पुढं जायचो. आता थांबतो आणि "हाव, बोला" म्हणतो. मग कुणीच काही बोलत नाही. फुटीर माणूस थांबून चौकशी करू लागला की म्हणणाऱ्याचीच पंचाईत होते, एवढं मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मी लातूरला शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. हा विषय शिकवणाऱ्याला मुलं भीत नाहीत, मुख्याध्यापक बाकीच्यांचे रिकामे तास त्याच्या गळ्यात घालतात आणि पालकांना तो फक्त परीक्षेच्या आदल्या दिवशी आठवतो. शेजारी देशांशी संबंध, शांततेसाठी सहकार्य, चर्चेतून तोडगा, हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आणि पुसत आलो. त्यातलं काही वापरावं लागेल असं वाटलं नव्हतं. वापरलं तेव्हा जे झालं ते पुढं येतंच आहे.

आमची शेती देवणी तालुक्यात, अगदी कडेला. शेताच्या पूर्वेला ओढा आणि ओढ्यापलीकडं कर्नाटक. नकाशात तिथं जाड तुटक रेघ आहे, प्रत्यक्षात गुडघाभर पाणी आणि लव्हाळं आहे. ओढ्यावर जुना दगडी बंधारा. पावसाळा सरला की खांबांच्या मधल्या खाचांत फळ्या टाकून पाणी अडवायचं आणि दोन्ही गावांनी ते उपसायचं, अशी पूर्वापार वहिवाट. बंधाऱ्यावरून एक माणूस चालत जाईल एवढी वाट आहे. पलीकडचे लोक घरात कानडी बोलतात, उदगीरच्या बाजारात मराठी बोलतात आणि भांडताना दोन्ही वापरतात. आमच्याकडच्यांनाही भांडणापुरतं कानडी येतं. माझी थोरली बहीण, अक्का, त्याच पलीकडच्या गावात दिली. तिच्या ओसरीतून आमच्या शेतातलं लिंबाचं झाड दिसतं.

वडील गेल्यावर जमिनीचे कागद करायला आम्ही भावंडं कचेरीत गेलो. अक्कानं हक्कसोड लिहून दिली. सही करण्याआधी पेन वर धरून ती म्हणाली, "वाटा न्हाई पाहिजे मला. फकस्त येळवसची आंबील मी आणणार. मी हाय तवर. दुसऱ्या कुणाच्या हातची कोपीत जाणार न्हाई."

कारकून म्हणाला, "बाई, हे कागदावर कसं लिहायचं?"

"लिहू नका की. ह्या दोघांना ठाऊक हाय," असं म्हणून तिनं माझ्याकडं आणि धाकट्या भावाकडं बघितलं आणि सही केली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. माझी बायको नांदेडची. लग्नानंतरच्या पहिल्या येळवसला तिला वाटलं, गावात काही दंगल झाली की काय. सकाळपासून अख्खं लातूर रिकामं, दुकानांना कुलपं, रस्त्यावर जो तो डोक्यावर गाठोडं घेऊन शेताकडं निघालेला. मी तिला समजावलं होतं: हिवाळ्यात, ज्वारी पोटरीला आलेली असताना, शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि ताकात ज्वारीचं पीठ शिजवून केलेली आंबील. आंबिलीचा मातीचा घडा, ज्याला आम्ही बिंदगी म्हणतो, डोक्यावरून वाजतगाजत आणायचा. आणि वाटेनं जाणाऱ्या कुठल्याही माणसाला हाक मारून जेवायला बसवायचं. ओळख लागत नाही, जात विचारायची नाही, आणि बोलावलेल्यानं नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर तो शेताचा अपमान. आमच्याकडं हाडवैरीसुद्धा त्या दिवशी दुसऱ्याच्या बांधावरून जायचं टाळतात, कारण गेलं तर जेवावं लागतं.

"म्हणजे सणच आपला जबरदस्तीचा आहे," बायको म्हणाली होती. हे तिचं मत अजून बदललेलं नाही.

हा सण जितका आमचा तितकाच पलीकडचा. कोपीभोवती फिरताना जी आरोळी देतात तिच्यातले निम्मे शब्द कानडी आहेत. आमच्या गावातल्या कडव्यातल्या कडव्या मराठी माणसानंही लहानपणापासून ती घसा फोडून दिलेली आहे. रीतीप्रमाणं बिंदगी घरच्या गड्यानं आणायची, पण आमच्याकडं ती अक्काच्या डोक्यावरून, बंधाऱ्यावरून, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात यायची. आमच्या घरातली एकमेव परदेशी आयात.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी पाऊस हात आखडून पडला. आमच्या गावानं बंधाऱ्यावर मोटारी वाढवल्या. पलीकडच्यांची बरीच रानं खालच्या अंगाला. त्यांचं म्हणणं, सगळं पाणी तुम्हीच ओढायलाव. एके दिवशी बंधाऱ्याच्या मधल्या दोन फळ्या काढलेल्या सापडल्या आणि डोहातलं पाणी खाली गेलेलं. मग आमच्यातल्या कुणीतरी त्यांचा पाइप कापला. इथपर्यंत भांडण पाण्याचं होतं. पण नुसतं पाण्याचं भांडण असलं की लोकांना समाधान वाटत नाही. चार दिवसांत तिकडं त्यांचे झेंडे लागले, इकडं आमचे, आणि वाटेवरच्या आमच्या गावाच्या पाटीला कुणी डांबर फासलं. पाटीवर गावाचं नाव दोन्ही भाषांत होतं, फासणाऱ्यानं दोन्ही फासलं. आता परका माणूस आला तर त्याला कुठल्याच भाषेत गाव कळत नाही.

आमच्या गावात बैठक झाली आणि तोंडी ठराव झाला, जो ओढा ओलांडील त्याच्या घरचा चहा गाव पिणार नाही. तिकडंही तसंच काहीतरी ठरलं. खेड्यात चहा बंद म्हणजे काय ते शहरात सांगून कळत नाही. दारात आलेला माणूस उभ्यानं बोलून जातो, आणि घरातल्या बाईला चुलीवरचं आधण उतरवून ठेवावं लागतं.

अक्काचा फोन आला.

"बिंदगी घासून ठिवली म्या. तुम्ही कोप कुठं घालायलाव, लिंबाखाली का?"

"अक्का, यंदा जरा जपून. वातावरण बरं नाही."

"का? आभाळ आलंय का तिकडं?"

"आभाळ नाही. माणसं."

"माणसं तर रोजच हायती." मग ती म्हणाली, "तू शाळंत काय शिकवतूस रे?"

"नागरिकशास्त्र."

"म्हंजे?"

"म्हणजे... शेजाऱ्यांनी कसं राहावं, असं."

"मग जा की, बोल की. दुसऱ्याच्या लेकरांना शिकवायलास आणि घरच्या कामाला कुलूप लावलास व्हय?"

असा मी राजदूत झालो. नेमणूक तोंडी, भत्ता नाही, गाडी माझीच.

पहिल्यांदा सरपंचांकडं गेलो. सरपंच माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पोरपणी आमच्याच शेतात हरभरा उपटून खायचे. ते म्हणाले, "गुरुजी, आमची ना न्हाई. पण आधी त्यांनी यावं." मग उदगीरवरून लांबचा वळसा घालून पलीकडं गेलो. बंधाऱ्यावरून पाच मिनिटांची वाट, पण राजदूतानं नियम पाळायला पाहिजेत असं मला वाटलं. तिथल्या वडीलधाऱ्यांना सगळं गाव अप्पा म्हणतं. ऐंशीच्या घरातले, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, आवाज हळू. त्यांनी मला दूध दिलं आणि म्हणाले, "नम्दू ना इल्ला. पण मोदलु त्यांनी यावं."

ना इल्ला म्हणजे ना नाही, आणि मोदलु म्हणजे आधी. दोन्ही राज्यांची भूमिका शब्दाशब्दानं एकच होती. एवढं एकमत असताना भांडण कसं चालू राहतं, हे पाठ्यपुस्तकात नाही.

तोडगा मीच काढला आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. दोघांनी आपापल्या काठावरून एकाच वेळी निघायचं आणि बंधाऱ्याच्या मधल्या खांबावर भेटायचं. दोघांनीही होकार दिला. इथं मी थांबायला हवं होतं. पण मी लातूरचा. आमच्याकडं चार माणसं एकत्र आली आणि शाल-नारळ झाला नाही, तर ती एकत्र आली असं कुणी धरत नाही. मी गंजगोलाईच्या बाजारातून दोन शाली आणल्या. एकाच रंगाच्या, एकाच दुकानातून. दुकानदाराला सांगितलं, घडीसुद्धा सारखी पाहिजे. कुणाला आधी घालायची हा प्रश्न येणार, तोही मी सोडवला होता: अप्पांना मी घालणार, सरपंचांना धाकटा भाऊ घालणार, आणि मी तीन म्हटलं की एकदम.

"हे तुम्ही कुणाला तरी विचारलंत का?" बायकोनं विचारलं होतं.

"याला शिष्टाचार म्हणतात," मी म्हणालो.

बैठकीच्या दिवशी दोघं खरोखर एकाच वेळी निघाले आणि एकाच वेळी पोचले. दोन्ही काठांवर गर्दी. मी एक म्हटलं, दोन म्हटलं. अप्पांनी शाल घ्यायला म्हणून नम्रपणे हात जोडले आणि मान किंचित खाली केली. मी तीन म्हटलं. धाकट्यानं शेतकऱ्याच्या हातानं एका झटक्यात सरपंचांच्या खांद्यावर शाल टाकली. माझी शाल उघडेना. दुकानदारानं घडीला टाचणी लावली होती. प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून मी ती टाचणी शोधत होतो, तेवढ्यात आमच्या काठावरून फोटो निघाला.

तो फोटो मी पुढं फार वेळा बघितला. सरपंच शाल पांघरून ताठ उभे, आणि त्यांच्यापुढं अप्पा उघड्या खांद्यानं, हात जोडून, मान खाली घालून. मी फोटोत नाही. माझं फक्त कोपर आहे.

घरी पोचेपर्यंत फोटो दोन्ही तालुक्यांत फिरला होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, माफी मागितली. अप्पांच्या खांद्यावर शाल मी घातली होती, शेवटी टाचणीसकट घडीच ठेवली होती, पण त्याचा फोटो कुणी काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी अप्पा ती शाल दाजींच्या ओसरीवर ठेवून गेले. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. ते मुळातच कमी बोलणारे. त्यांनी शाल उचलून आत नेली, एवढंच.

मग तिकडच्या पोरांनी बंधाऱ्याच्या त्यांच्या निम्म्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. आमच्या पोरांना ते आधी आपल्याला सुचलं नाही याचं वाईट वाटलं असावं. त्यांनी आमच्या निम्म्या वाटेवर दुप्पट टाकल्या.

मी अक्काला फोन केला. "माझ्याकडून बिघडलं. तू यंदा येऊ नको. तुझ्या गावात तुला राहायचं आहे. दाजींना त्रास होईल."

"झालं तुझं बोलून?"

"हो."

"मी त्या दिवशी कचेरीत सही केली तवा तू होतास का न्हाई?"

"होतो."

"माझ्या हातातून सगळं गेलं त्या दिवशी, एक आंबील सोडून. ती मी कुण्या गावच्या ठरावावर सोडणार न्हाई. तुझ्या गावच्या न्हाई अन् माझ्या गावच्या न्हाई. मी येणार. तुमच्यात दम असला तर कोप घालून बसा, नसला तर लातूरला टीव्ही बघा."

तिनं फोन ठेवला. मी जन्मभर हिला अक्का म्हणून भ्यालो, ते उगीच नाही.

येळवसच्या दिवशी आम्ही लिंबाखाली कोप घातली. पाच दगड चुन्यानं पांढरे करून मांडले. भज्जीचा वास सुटलेला, उंडे तयार, खीर झाकून ठेवलेली. फक्त आंबिलीची जागा रिकामी. धाकटा ओढ्याकडं बघायचा आणि पुन्हा घड्याळाकडं. त्याला रोज त्याच गावात उठायचं-बसायचं होतं, त्याची धास्ती मला कळत होती.

"दादा, पूजा उरकून घेऊ का? घरनं थोडी आंबील आणलीय हिनं डब्यात," तो म्हणाला. त्याच्या बायकोनं स्टीलचा डबा पदराआड धरला होता.

"डबा झाकून ठेव," मी म्हणालो.

"आणि अक्का आलीच न्हाई तर?"

"तर आज पांडव उपाशी राहतील. त्यांना सवय आहे."

हे वाक्य मी धीटपणे बोललो असं बायको अजून सांगते. ती हेही सांगते की बोलताना मी पांडवांकडं नाही, ओढ्याकडं बघत होतो.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर अक्का दिसली. हिरवं लुगडं, डोक्यावर बिंदगी, मागं दाजी घोंगडं खांद्यावर टाकून, हातात काठी घेऊन. त्यांच्या गावची पोरं वाट अडवून काहीतरी म्हणत होती, "होगब्याडा, अक्का, होगब्याडा," जाऊ नको, जाऊ नको. अक्का थांबली नाही. पोरंच बाजूला झाली, कारण डोक्यावर आंबील असलेल्या बाईला हात कोण लावणार? काट्यांपाशी आल्यावर दाजी पुढं झाले. काठीच्या टोकानं एकेक काटी उचलून पाण्यात टाकू लागले. त्यांच्याच गावच्या लोकांनी टाकलेल्या काट्या, त्यांच्याच गावच्या लोकांदेखत. मागून त्यांना कुणी काहीतरी बोललं, मला नीट ऐकू आलं नाही. दाजींनी मागं वळून बघितलं नाही.

आमच्या काठावर आता सरपंच आणि बरीच मंडळी जमली होती. मी कोपीतून उठलो आणि तसाच चालू लागलो. पूजेसाठी चपला काढलेल्या होत्या, हे माझ्या लक्षात पहिल्या काटीवर आलं.

"गुरुजी, काट्यांना हात लावू नका. गावचा ठराव हाय," सरपंच म्हणाले.

"ठराव कुणासाठी आहे?"

"गावासाठी."

"मग अक्का आपल्या गावची आहे की नाही?"

"ती दिलीय तिकडं. तिकडची झाली."

"तिकडची असेल तर आपला ठराव तिला लागू नाही. आणि इथली असेल तर ती ओढा ओलांडत नाही, घरी येते आहे. यातलं कोणतं ते सांगा, म्हणजे मी काट्या उचलतो."

गर्दीत कुणीतरी हसलं. मला क्षणभर वाटलं की इतक्या वर्षांचं नागरिकशास्त्र कारणी लागलं. सरपंच म्हणाले, "ते शाळंत ठिवा, गुरुजी. हितं तुम्ही एकलेच हाव. फुटीर म्हणतील लोक."

"म्हणू देत," मी म्हणालो, आणि काट्या उचलायला लागलो.

उचलायला लागलो म्हणजे, दाजींसारखं नाही. दाजी काट्या बाजूला करत होते, मी त्यांच्यात अडकत होतो. धोतर नेसलो होतो, ते एका फांदीत गेलं. ते सोडवताना दुसरी बाहीत गेली. मधल्या खांबापर्यंत कसाबसा पोचलो आणि तिथं डाव्या पायात बाभळीचा लांब काटा असा शिरला की मी वाटेतच बसलो. वाट एका माणसाची. मी बसल्यावर ती संपूर्ण बंद झाली. दोन गावांनी मिळून काट्यांनी जे साधलं नव्हतं ते मी एकट्यानं साधलं.

अक्का मधल्या खांबापाशी येऊन उभी राहिली. वरून माझ्याकडं बघितलं.

"सरक की."

"येत नाही. पाय टेकत नाही."

"मग बस," ती म्हणाली, आणि दाजींच्या मदतीनं डोक्यावरची बिंदगी उतरवून खांबावर ठेवली. चुंबळ काढून शेजारी ठेवली. मी बघितलं, चुंबळ म्हणजे ती शाल होती, अप्पांची, गुंडाळून गोल केलेली.

मग तिनं कमरेवर हात ठेवला आणि आधी आमच्या काठाकडं तोंड केलं. सरपंचांना नावानं नाही, लहानपणी ती ज्या नावानं हाक मारायची त्या नावानं हाक मारली. ते नाव मी इथं लिहीत नाही, सरपंचांना पुन्हा निवडणूक लढवायची आहे.

"आज येळवस हाय," ती म्हणाली. "वाटंवरच्या माणसाला बोलावल्याबिगर आमच्यात जेवत न्हाईत. तू वाटंवर उभा हाईस. ये, आंबील घे."

सरपंच हलले नाहीत.

तिनं दुसऱ्या काठाकडं तोंड केलं. गर्दीच्या मागं अप्पा उभे होते, हे तिला येतानाच दिसलं असणार. "अप्पा, बर्री. ऊटक्क बर्री." या, जेवायला या. "तुमी तर आमच्या बापाच्या कोपीत किती डाव जेवलाव. आज बोलावलं तर न्हाई म्हणताव का?"

येळवसला हाक मारली आहे, ती सगळ्यांदेखत मारली आहे, आणि नाही म्हणणं म्हणजे शेताला नाही म्हणणं. सरपंचांनी मागं बघितलं. मागं उभी असलेली माणसं आपापल्या पायांकडं बघत होती. ते काट्यांतून वाट काढत निघाले. पलीकडून अप्पा निघाले. दोघं पुन्हा एकदा मधल्या खांबापाशी, आणि मी मधे खाली बसलेलो, पाय धरून.

अक्कानं पितळी पेला बिंदगीत बुडवला आणि भरून वर काढला. पेला एकच होता. पुन्हा तेच. कुणाला आधी, आणि कुणाला मोदलु. मला टाचणी दिसायला लागली. सरपंचांनी हात पुढं केला नाही, अप्पांनीही नाही. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते, पेल्याकडं बघत होते. काठावर फोन वर झाले होते.

अक्कानं दोघांकडं बघितलं, फोनकडं बघितलं, आणि पेला आपल्या तोंडाला लावला. सावकाश, सगळा प्याली. माझ्या आठवणीत तिनं येळवसला आधी सगळ्यांना वाढलं, शेवटी तळाची आंबील बोटानं चाटून घेतली. पहिला पेला तिनं कधीच घेतला नव्हता. तोंड पदरानं पुसून ती म्हणाली, "झाली पहिली. आता तुम्ही कुणी बी घ्या, मागूनच हाव."

अप्पा आधी हसले. मोठ्यानं नाही, पण खांदे हलले. पेला त्यांनी सरपंचांकडं सारला. सरपंचांनी घेतला, पिऊन परत अक्काकडं दिला, आणि तो भरून अप्पांकडं गेला. पिताना अप्पांचं लक्ष चुंबळीकडं गेलं.

"ही माझीच का?" त्यांनी विचारलं.

"हाव," अक्का म्हणाली. "टाचणी म्या काढली."

त्यानंतर वाट सुरू झाली. माझ्या पायातला काटा सरपंचांनीच खाली बसून काढला, आणि काढताना म्हणाले, "गुरुजी, पुढच्या बारीला शाल आणू नका." तिकडची काही पोरं आली, इकडची गेली, बरीचशी दोन्हीकडं नुसती उभी राहिली. काहींना ते आवडलं नाही आणि त्यांनी ते लपवलं नाही. बिंदगी आमच्या कोपीपर्यंत पोचली तेव्हा तिच्यात तळाशी थोडी आंबील होती. धाकट्याच्या बायकोनं डब्यातली तिच्यात ओतायला काढली. अक्कानं डब्याकडं आणि मग माझ्याकडं असं काही बघितलं की डबा परत पदराआड गेला. पांडवांना घोटघोट मिळाली. संध्याकाळी पेटता पेंढा घेऊन पिकाभोवती फिरायचं असतं, त्याला आम्ही हेंडगा म्हणतो. धाकट्यानं तो फिरवून झाल्यावर बंधाऱ्यावरच्या उरलेल्या काट्या ओढून आणल्या आणि त्याच आगीवर टाकल्या. मला न विचारता. दिवसभरात त्यानं केलेली ती एकमेव गोष्ट, पण गावादेखत केली.

शांतता झाली असं मी म्हणणार नाही. पाण्याचं भांडण मिटलेलं नाही. काढलेल्या फळ्या काही दिवसांनी परत बसल्या. ओली फळी एकट्याला उचलत नाही, खाचेत बसवायला दोन्ही टोकांना माणूस लागतो, आणि खांबाच्या दोन बाजूंना दोन गावं आहेत. बसवणारे एकमेकांशी बोलले नाहीत म्हणे. झेंडे आहेत तिथंच आहेत. पाटीवरचं डांबरही.

आणि आमच्या घरचा चहा बंद झाला, कारण काट्यांत पहिला पाय माझा पडला होता. ठराव ठराव असतो, आणि आंबील प्यालेल्यांनीही तो मागं घेतला नाही. धाकट्याच्या दारात आलेली माणसं उभ्यानं बोलून जायची. त्याची बायको मला काही म्हणाली नाही, पण मी गेलो की भांडी जरा जोरात घासायची.

एक दिवस अक्काचा फोन आला.

"चहा बंद हाय म्हणं तुमच्या घरचा?"

"हाव."

"ठरावात काय हाय? नेमकं सांग. तू शिकवतूस ना ते."

मी आठवून सांगितलं. "ओढा ओलांडील त्याच्या घरचा चहा गाव पिणार नाही."

"ताक?"

इतकी वर्षं कायदा शिकवला आणि हे मला सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून धाकट्याच्या बायकोनं दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ताक विचारायला सुरुवात केली. पहिले काही दिवस लोक हसून पुढं गेले. मग एका दुपारी उन्हात सरपंच आले, दारात थांबले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "ठरावात ताक न्हाई न्हवं?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि तांब्या भरून आणला.